संत बोनिफेस आणि नाताळचे झाड



आगमनकाळ सुरू झाला की घराघरात माळ्यावरची खोकी खाली येतात. कुणाकडे घडीचे प्लास्टिकचे झाड, कुणाकडे कुंडीत खोचलेली सुरूची फांदी, त्यावर चांदण्या, घंटा, कापूस आणि दिव्यांच्या माळा. धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी कुणी तरी मूल विचारतेच, की फादर, हे झाड बायबलमध्ये कुठे आहे? बायबलमध्ये ते नाही. मग मोठी माणसे संत बोनिफेस यांची गोष्ट सांगतात. संताने जर्मनीतला मूर्तिपूजकांचा ओक वृक्ष तोडला, त्याच्या बुंध्यामागे फरचे एक छोटे रोप उभे होते आणि तेच पहिले नाताळचे झाड, अशी ती गोष्ट. नाताळच्या शुभेच्छापत्रांवरसुद्धा ती छापून येते. या गोष्टीतले अर्धे खरे आहे आणि अर्धे फार नंतर जोडलेले आहे. मला तर वाटते, जे खरे आहे ते जोडलेल्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. म्हणून या रविवारी संत बोनिफेस यांचे चरित्र थोडे सविस्तर पाहू या.

त्यांचे मूळ नाव विनफ्रिड. जन्म इसवी सन ६७५ च्या सुमारास, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील वेसेक्सच्या राज्यात. डेव्हनमधील क्रेडिटन हे त्यांचे गाव अशी परंपरा आहे. घर खाऊनपिऊन सुखी. त्या काळी धर्मगुरू आणि मठवासी गावोगाव फिरत व घरी उतरत. त्यांचे बोलणे ऐकून या लहान मुलाला मठाची ओढ लागली. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते, कारण घर-जमीन सांभाळायला त्यांना हाच मुलगा हवा होता. पुढे वडील अचानक आजारी पडले, मन पालटले आणि त्यांनी मुलाला एक्सेटरच्या मठात पाठवले. तिथून तो नर्सलिंगच्या मठात गेला. तेथील मठाधिपती विनबर्ट यांच्या हाताखाली त्याने खूप अभ्यास केला. पुढे तो स्वतः शिकवू लागला, लॅटिन भाषेचे एक व्याकरणही त्याने लिहिले. तिसाव्या वर्षी गुरुदीक्षा झाली. एक विद्वान, लोकप्रिय, सुरक्षित आयुष्य समोर होते. त्यांनी ते नाकारले.

७१६ साली, वयाच्या चाळिशीत, दोन-तीन सोबत्यांसह ते समुद्र ओलांडून फ्रिझियात, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनारपट्टीवर गेले. तिथला राजा रॅडबॉड त्या वेळी फ्रँक लोकांशी लढत होता. चर्चे उद्ध्वस्त झालेली, धर्मगुरू पळून गेलेले. विनफ्रिड राजाला भेटले, थोडे महिने राहिले, पण हाती काही लागले नाही. हिवाळ्याआधी ते रिकाम्या हाताने परत आले. मठाधिपती विनबर्ट वारले तेव्हा सर्वांनी विनफ्रिड यांनाच गादीवर बसवायचे ठरवले, पण ते राहिले नाहीत. ७१८ साली त्यांनी मायदेश सोडला आणि पुन्हा कधीही पाहिला नाही.

या वेळी ते थेट फ्रिझियाला न जाता आधी रोमला गेले. आपल्या मर्जीने भटकणारा प्रचारक त्यांना व्हायचे नव्हते. आपल्याला कुणी तरी पाठवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आयुष्यभर टिकला. १५ मे ७१९ रोजी पोप दुसरे ग्रेगरी यांनी त्यांना जर्मन लोकांमध्ये सुवार्ता सांगण्याचा अधिकार दिला आणि नवे नाव दिले बोनिफेस. आदल्या दिवशी त्या नावाच्या रक्तसाक्षी संताचा सण होता. रॅडबॉड त्याच वर्षी मेला, तेव्हा बोनिफेस यांनी तीन वर्षे फ्रिझियात बिशप विलिब्रॉर्ड यांच्या हाताखाली काम केले. विलिब्रॉर्ड त्यांना आपला वारसदार करू पाहत होते. तेही नाकारून ते जर्मनीतील हेस प्रांतात गेले. ३० नोव्हेंबर ७२२ रोजी पोपमहाशयांनी त्यांना रोममध्ये बिशप म्हणून अभिषेक केला आणि फ्रँक लोकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याच्या नावे एक पत्र दिले. चार्ल्सने त्यांना संरक्षण दिले.

आता ओकच्या झाडाकडे येऊ. हे ७२३ च्या सुमारास घडले. विलिबाल्ड नावाच्या धर्मगुरूने बोनिफेस यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्यांचे चरित्र लिहिले, त्यात हा प्रसंग आहे. हेसमध्ये बऱ्याच लोकांचा स्नानसंस्कार झाला होता, पण सर्वांचे मन पक्के नव्हते. काही जण चोरून, काही उघडपणे झाडांना आणि झऱ्यांना बळी वाहत, शकुन पाहत. फ्रिट्झलारजवळ गाइसमार येथे एक अवाढव्य ओक होता. तो मेघगर्जनेचा देव डोनार याचा. इंग्रजीतला थर्सडे याच देवाच्या थोर या दुसऱ्या नावावरून आला. विलिबाल्डने लॅटिन वळणाने त्याला ज्युपिटरचा ओक म्हटले आहे. ज्युपिटर म्हणजे आपला गुरू ग्रह आणि आपणही त्या वाराला गुरुवारच म्हणतो, ही एक गंमत.

ज्यांची श्रद्धा पक्की झाली होती अशा तिथल्याच लोकांच्या सल्ल्याने बोनिफेस यांनी ते झाड तोडायचे ठरवले. हा तपशील सहसा सांगितला जात नाही. परक्या माणसाने एकाएकी येऊन कुऱ्हाड उगारली, असे झाले नव्हते. मोठा जमाव जमला, पुष्कळ जण मनातल्या मनात शिव्याशाप देत होते. बोनिफेस यांनी बुंध्यावर थोडेसेच घाव घातले तोच वरून जोराचा वारा सुटला, झाड हेलावले आणि कोसळताना त्याचे चार सारखे तुकडे झाले. वीज पडली नाही, देव कोपला नाही. शाप देणारे लोक स्तब्ध झाले आणि पुष्कळांनी श्रद्धा स्वीकारली. त्यानंतर बोनिफेस यांनी आपल्या साथीदारांशी बोलून त्या लाकडाचे एक प्रार्थनामंदिर बांधले आणि ते संत पेत्राच्या नावे समर्पित केले. फ्रिट्झलारचे संत पेत्राचे मोठे चर्च त्याच जागी उभे आहे अशी परंपरा आहे.

विलिबाल्डची गोष्ट इथे संपते. तिच्यात फरचे रोप नाही. नाताळची रात्र नाही, ऋतू कोणता होता हेसुद्धा दिलेले नाही. बर्फात बळी द्यायला आणलेले आणि संताने वाचवलेले लहान मूल नाही. हे सारे रंग नंतर भरले गेले आणि त्यांना सर्वाधिक प्रसिद्धी दिली ती हेन्री व्हॅन डाइक या अमेरिकन प्रेस्बिटेरियन पाळकाच्या कथेने. ती १८९१ साली एका मासिकात आली आणि १८९७ मध्ये पहिले नाताळचे झाड अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात निघाली. कथा सुंदर आहे आणि कथा म्हणून ती मुलांना जरूर सांगावी. इतिहास म्हणून मात्र सांगू नये.

नाताळच्या झाडाचे लेखी पुरावे जर्मन भाषिक प्रदेशात सापडतात, पण बोनिफेस यांच्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी. अल्सास प्रांतातील सेलेस्टा या गावच्या १५२१ सालच्या हिशेबात नाताळच्या वेळी रानातली झाडे राखणाऱ्या रखवालदारांना दिलेल्या पैशांची नोंद आहे. म्हणजे लोक झाडे तोडून नेत होते आणि नगरपालिकेला ती चिंता होती! १६०५ साली त्याच प्रांतातील स्ट्रासबर्गमध्ये लोक दिवाणखान्यात फरची झाडे उभी करून त्यांवर रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पातळ पापडीसारख्या वेफर्स, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई टांगतात, असे एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे. सफरचंदे का? २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचा दिवस मानला जाई. मध्ययुगात त्या सुमारास चर्चच्या आवारात एदेन बागेचे नाटक होई. थंडीच्या दिवसांत पाने असलेले झाड फरचेच, म्हणून त्यालाच सफरचंदे बांधून एदेन बागेतले झाड केले जाई. तेच झाड पुढे घरात आले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आज आपण टांगतो ते लाल चेंडू म्हणजे ती सफरचंदे आणि वेफर्समध्ये ख्रिस्तप्रसादाची खूण पाहिली जाते. मनुष्याच्या पतनाचे फळ आणि तारणाची भाकर एकाच फांदीवर. त्या जुन्या लोकांचे धर्मज्ञान कमी नव्हते.

नंतर त्यावर मेणबत्त्या आल्या, एकोणिसाव्या शतकात काचेचे गोळे आले. बराच काळ हे झाड प्रॉटेस्टंट घरांचे आणि गोठा कॅथलिक घरांचा, अशी वाटणी होती. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि जर्मनीहून आलेले तिचे यजमान आल्बर्ट यांचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि ही प्रथा इंग्रजी जगात झपाट्याने पसरली. रोममध्ये संत पेत्राच्या चौकात पहिले झाड उभे राहिले ते १९८२ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी नाताळचे झाड व्हॅटिकनच्या आधी पोहोचले असेल.

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक गोष्ट पहिल्याच वर्षी डोक्यात भरवली जाते. एक घटना दुसरीच्या आधी घडली म्हणून ती तिचे कारण ठरत नाही. जर्मनीत बोनिफेस यांनी झाड तोडले, जर्मनीतच पुढे नाताळचे झाड आले, म्हणून पहिल्यातून दुसरे निघाले असे होत नाही.

पण मला या प्रसंगातला दुसरा धोका अधिक मोठा वाटतो. आपण ज्या देशात राहतो तिथे वड, पिंपळ, उंबर यांना हात जोडणारे आपले शेजारी आहेत, सह्याद्रीत देवराया आहेत. ओकची गोष्ट वाचून कुणाला वाटेल की दुसऱ्याच्या पूज्य वस्तूवर घाव घालणे हे श्रद्धेचे लक्षण आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्यात त्यांच्यातील सत्य आणि पवित्र असे काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे स्पष्ट केले. पण बोनिफेस यांच्या काळीही एकच आवाज नव्हता. विंचेस्टरचे बिशप डॅनियल यांनी त्यांना याच सुमारास एक मोठे पत्र लिहिले. लोकांच्या देवांची थट्टा करू नकोस, त्यांना चिडवू नकोस, शांतपणे प्रश्न विचार आणि त्यांनाच विचार करू दे, असा त्याचा भावार्थ. त्याही आधी, ६०१ साली, थोर पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडच्या मिशनऱ्यांना कळवले होते की मूर्ती काढाव्यात, पण देवळे मोडू नयेत, ती शुद्ध करून चर्च म्हणून वापरावीत. सणाच्या दिवशी लोकांनी त्यांच्याभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून देवाचे आभार मानत जेवण करावे.

बोनिफेस यांच्या मागे चार्ल्स मार्टेलची तलवार होती, हेही लपवण्याचे कारण नाही. त्या राजाश्रयाशिवाय आपल्याला धर्मगुरूंचे रक्षण करता येणार नाही की मूर्तिपूजा थांबवता येणार नाही, हे त्यांनी स्वतः डॅनियल यांना कळवले. त्याच दरबारातल्या ऐषारामी बिशपांबरोबर ऊठबस करावी लागते याची त्यांना टोचणीही होती.

झाड पडायला एक दिवस लागला. त्यानंतरची तीस वर्षे ते जे करत राहिले ते कुठल्याही शुभेच्छापत्रावर येत नाही. मठ उभारणे, धर्मगुरू घडवणे, बिगारी कामगारासारखे पायी फिरणे, पत्रे लिहिणे. ७३२ साली त्यांना आर्चबिशप केले गेले. ७३९ मध्ये त्यांनी बव्हेरियात साल्झबुर्ग, रेगेन्सबुर्ग, फ्रायझिंग आणि पासाऊ या धर्मप्रांतांची घडी बसवली. पुढे बिघडलेल्या फ्रँक धर्मगुरूवर्गाला शिस्त लावण्यासाठी धर्मसभा भरवल्या. शत्रू पुष्कळ झाले.

त्यांची बरीच पत्रे टिकून आहेत आणि त्यांतून संताचा पुतळा नव्हे तर माणूस दिसतो. इंग्लंडमधील मठाधिपती ईडबर्गा यांच्याकडे ते संत पेत्राची पत्रे सोन्याच्या अक्षरांत लिहून मागतात, म्हणजे ऐकणाऱ्यांना देवशब्दाचा मान डोळ्यांनीही दिसेल. म्हातारपणी ते बिशप डॅनियल यांच्याकडे गुरू विनबर्ट यांचा संदेष्ट्यांच्या ग्रंथांचा जुना हस्तलिखित संग्रह मागतात, कारण त्यातली अक्षरे सुटी आणि ठळक आहेत व आता नजर अधू झाली आहे. पोप झकरिया यांच्याकडे ते तक्रार करतात, की एक जानेवारीला रोममध्ये संत पेत्राच्या चर्चजवळच लोक रस्त्यावर नाचगाणी करतात, बायका ताईत बांधून विकतात. आमचे नवख्रिस्ती ते पाहून येतात आणि विचारतात, तुम्ही मना करता ते रोममध्ये कसे चालते? आपणही तो प्रकार निषिद्ध ठरवला आहे, असे उत्तर पोपमहाशयांनी दिले. खारवलेले डुकराचे मांस कधी खावे, असा प्रश्नसुद्धा रोमपर्यंत गेला आणि धुरावर वाळवून किंवा शिजवून खावे, असे उत्तर आले. आपल्या धर्मग्रामातून बिशप हाऊसला जाणाऱ्या प्रश्नांची मग मला फारशी काळजी वाटत नाही!

एका पत्रव्यवहारात त्यांची बाजू पडली. बव्हेरियात एक धर्मगुरू लॅटिन न येणारा होता. स्नानसंस्काराच्या शब्दांत तो पिता आणि पुत्र या शब्दांची व्याकरणाची रूपे चुकवून टाकी. व्याकरणकार बोनिफेस यांना हे सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी त्या लोकांचा पुन्हा स्नानसंस्कार करण्याचा हुकूम दिला. ७४६ साली पोप झकरिया यांनी तो रोखला. चूक पाखंडाची नसून अज्ञानाची आहे, तेव्हा संस्कार झालेलाच आहे, असे त्यांनी कळवले. मला ही घटना ओकच्या घटनेइतकीच महत्त्वाची वाटते. संस्कार देवाचा आहे, आपल्या उच्चाराचा नाही.

या कामात त्यांनी इंग्लंडहून धर्मभगिनींना बोलावले, हे त्या काळी वेगळेच होते. लिओबा ही त्यांची नातेवाईक, तरुणपणी त्यांना पत्र लिहून तिने लॅटिन रचना तपासून मागितली होती. बोनिफेस यांनी तिला बिशोफ्सहाइमच्या मठाची प्रमुख केले. ती इतकी शिकलेली होती की बिशप तिच्याशी धर्मशास्त्रावर बोलत. ७४४ साली शिष्य स्टर्म याच्याकडून त्यांनी फुल्डाचा मठ स्थापन करवला. तो त्यांचा विसावा होता. वृद्धापकाळी त्यांनी सेंट डेनिसचे मठाधिपती फुलराड यांच्यामार्फत राजाला विनंती केली, की माझ्यामागे माझ्या माणसांचे हाल होऊ देऊ नका. सीमेवरच्या माझ्या धर्मगुरूंना पोटाला भाकरी मिळते, पण अंगाला कपडे मिळत नाहीत.

हे सारे मार्गी लावून, ऐंशीच्या घरात असताना, ते पुन्हा फ्रिझियाला निघाले. जिथे चाळिशीत अपयश आले होते तिथेच. निघताना त्यांनी वारसदार लुल याला प्रवासाची तयारी सांगितली आणि पुस्तकांच्या पेटीत आपला देह गुंडाळण्यासाठी एक चादर घालायला सांगितली. लुल रडू लागला. लिओबाला त्यांनी आपला झगा दिला, परका देश सोडू नकोस असे बजावले आणि मरणानंतर तिची हाडे आपल्याच कबरीत ठेवावीत, अशी इच्छा मठवासीयांना सांगितली.

५ जून ७५४. डोक्कुमजवळ नदीकाठी तंबू ठोकले होते. नव्याने स्नानसंस्कार झालेल्यांना त्या दिवशी दृढीकरण संस्कार द्यायचा होता आणि त्यांची वाट पाहणे चालू होते. पहाटे आली ती हत्यारबंद टोळी. सोबतच्या तरुणांनी शस्त्रे उचलली, पण बोनिफेस यांनी त्यांना लढू दिले नाही. ते आणि सुमारे पन्नास सोबती मारले गेले. लुटारूंनी पेट्या फोडल्या. सोने असेल या आशेने आपसातही मारामारी झाली. पेट्यांत निघाली पुस्तके. ती त्यांनी दलदलीत आणि गवतात फेकून दिली.

त्यांतली काही नंतर सापडली. फुल्डा येथे आजही एक जुना ग्रंथ जपलेला आहे, त्यावर खोल घाव आहेत. बोनिफेस यांनी वार चुकवण्यासाठी डोक्यावर धरला तो हाच, अशी परंपरा आहे. तो शुभवर्तमानाचा ग्रंथ नाही, धर्मशास्त्रीय लेखांचा संग्रह आहे. त्यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे फुल्डाला नेण्यात आला. जर्मनीचे बिशप दीर्घकाळ आपल्या वार्षिक सभेसाठी तिथेच जमत आले. त्यांचा सण ५ जूनला येतो आणि १८७४ पासून तो सार्वत्रिक ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत आहे.

लिओबा त्यांच्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे जगली. ती वारली तेव्हा तिला फुल्डाला आणले गेले, पण मठवासीयांना संताची कबर उघडण्याचे धाडस झाले नाही. बोनिफेस यांनी स्वतः उभारलेल्या वेदीच्या उत्तरेला त्यांनी तिला पुरले.